सगळ्यात कमी ते लिहायचं

थाटीपूरला, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेची एकच खिडकी.
दोन वाजता ऊन आत येतं
आणि भाडं न देता सहापर्यंत राहतं.
पिठाचा डबा तापतो, गादी तापते,
माठावरचं ओलं फडकं तासाभरात पापडासारखं.
रात्रपाळी करून आलेली माझी बहीण
डोळ्यांवर पंचा टाकून कूस बदलते,
पुन्हा बदलते,
मग उठून बसते आणि म्हणते,
"मला अंधार हवाय, कुमुद. विकत मिळतो का बघ."

मिळतो. चौरस फुटावर मिळतो.

बैजनाथ कुशवाह आला, कानावर पेन्सिल,
काखेत नमुन्यांचं बाड, लग्नाच्या अल्बमएवढं.
राखी, वाळूरंगी, हस्तिदंती, आणि एक
ज्याला तो "कॉफी" म्हणाला, पण तो चहाच होता.
प्रत्येक तुकड्यामागे आकडा: तीन टक्के, पाच, दहा.
कसले टक्के? मी विचारलं.
भोकांचे, म्हणाला. जेवढं कापड उघडं
तेवढं बाहेरचं दिसणार, तेवढंच ऊन आत.
टक्के मला परीक्षेतले ठाऊक, बँकेतले ठाऊक.
किती बघायचं याचेही असतात,
हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मला दहा हवे होते.
मी या खिडकीशी बसून साड्यांना फॉल लावते.
मान वर केली की समोर किल्ला,
लांबलचक, भिंतीकडे तोंड करून
कुणी झोपून राहावं तसा.
वृंदाला शून्य हवे होते.
मागून रुपेरी, पुढून काहीही.
"किल्ला कुठे जातोय?" म्हणाली.
"झोप जाते."

पाच टक्क्यांचा एक तुकडा आणि शून्याचा एक
मी काचेवर चिकटपट्टीनं लावून ठेवले.
दुपारी तिनं पिशवीतून वॉर्डातला थर्मामीटर काढला
आणि उघड्या काचेला लावला.
त्यानं आकडा दाखवलाच नाही, नुसतं 'एच'.
"पेशंट हाताबाहेर," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो
की खालच्या तोमरबाईंनी काठीनं छत ठोकलं.
मग शून्याच्या तुकड्यावर तिनं गाल टेकला.
टेकवलेलाच ठेवला.
डोळ्यांखाली दोन्हीकडे निळसर,
केव्हापासून होतं ते?
मी पाचाचा तुकडा काढून
सुयांच्या डबीत टाकून दिला.

बैजनाथ मापाला आला तेव्हा
टेप वर धरला, मध्ये धरला, खाली धरला.
तीनदा तीन वेगळे आकडे.
"बिल्डिंग तिरकी आहे का?" मी घाबरून विचारलं.
"दीदी, सीधी खिडकी मैंने आज तक देखी नहीं,"
तो म्हणाला, तिन्हींतला सगळ्यात कमी आकडा
पेन्सिलीनं लिहीत.
जास्तीचं लिहिलं तर अडकतं.
कमी लिहिलं तर फट राहते, पण चालतं.
हे त्यानं पडद्याविषयीच सांगितलं.

अकरा दिवसांनी पडदा आला.
साखळी ओढली, खाली सरकला,
आणि खोली एकदम माठाच्या आत गेली.
पंखाही गार वाटायला लागला.
वृंदा अशी झोपली
की मी दोनदा वाकून श्वास बघितला.
मी मशीन स्वयंपाकघरात नेलं,
ओट्याशी, ट्यूबच्या उजेडात. मान वर केली की
समोर डाळींच्या बरण्या. असो.

पण डावीकडे, खालच्या कोपऱ्याला,
तिरक्या भिंतीमुळे एक बोटभर फट राहिली.
तिच्यातून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडते,
तीनला मशीनच्या रिकाम्या जागेवर,
चारला चपलांवर,
मग गादीची कड धरून हळूहळू वर चढते.
बैजनाथ म्हणाला होता, बदलून देतो.
मी नको म्हटलं.

साडेपाचला ती पट्टी
वृंदाच्या टाचेला लागते. भेगांची टाच,
बारा तास वॉर्डात उभी राहिलेली.
तेव्हा मी चहा ठेवते.
पडदा मात्र सहा वाजून गेल्यावरच गुंडाळते,
सूर्य किल्ल्याच्या मागे पुरता उतरला की,
आधी नाही.